चूल, गॅस आणि मानसशास्त्राची पदवी: गावातल्या विकास प्रकल्पावर पहिल्यांदा सल्लागार म्हणून जाताना

"गॅस वापरता का?" हा प्रश्न आम्ही बीड जिल्ह्यातल्या एका गावात घरोघर विचारला. फेब्रुवारी महिना होता. जवळजवळ सगळीकडून एकच उत्तर आलं, "हो, वापरतो की." तक्ता सुंदर भरला. मग एका घरी पाणी प्यायला आत गेले, तर सिलेंडरवर क्रोशाचं विणलेलं झाकण, शेगडी पुसून चकचकीत आणि शेजारी चुलीवर डाळ रटरटत होती. आढं काजळीनं काळंकुट्ट. त्या बाई खोटं बोलल्या नव्हत्या. पाहुण्यांचा चहा गॅसवरच होत होता. भाकरी, कालवण, अंघोळीचं पाणी आणि जनावरांचं आंबोण मात्र चुलीवर. चूक आमच्या प्रश्नाची होती.

मानसशास्त्रात एमए केलं, समुपदेशनाकडे वळायचं नाही आणि संशोधन पद्धतीचा पेपर आवडायचा, अशी बरीच मुलंमुली मला विचारतात की गावविकासाच्या प्रकल्पांत आपल्याला काय काम मिळेल. काम आहे, आणि तुमचं शिक्षण तिथे नेमकं उपयोगी पडतं. मात्र पुस्तकातला क्रम तिथे चालत नाही. म्हणून जे मी ठेचा खाऊन शिकले, ते पायरी पायरीनं सांगते.

हे काम येतं कुठून

बरंचसं काम सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी काढलेल्या पैशातून येतं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. ज्या कंपनीचं हे सरासरी दायित्व १० कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिला १ कोटी किंवा त्यावरच्या प्रकल्पांचं प्रभाव मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून करून घेणं २०२१ पासून बंधनकारक आहे. त्या स्वतंत्र संस्था नवख्या लोकांना घेतात, आधी सर्वेक्षणाच्या देखरेखीला, मग अहवाल लिहायला. याशिवाय स्वयंसेवी संस्था आहेत, विद्यापीठांचे प्रकल्प आहेत, 'उमेद' (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि 'माविम' (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांच्या बचत गटांभोवतीची कामं आहेत. सुरुवात कुणाच्या तरी हाताखालीच करा. पहिल्याच वर्षी स्वतःच्या नावाची पाटी लावण्यात काही अर्थ नाही.

आधी विचारा: या अहवालावरून काय ठरणार आहे?

काम घेताना टीओआर, म्हणजे कामाची व्याप्ती आणि अटी सांगणारा कागद हातात येतो. त्यात उद्दिष्टं लिहिलेली असतात: 'लाभार्थ्यांच्या वर्तनातील बदलाचा अभ्यास करणे' वगैरे. तो वाचा, पण त्यावर विसंबू नका. काम देणाऱ्यांसमोर बसून विचारा, "समजा मी सांगितलं की लोक गॅस वापरत नाहीत, तर तुम्ही पुढं काय करणार? आणि वापरतात असं सांगितलं तर?" दोन्हींचं उत्तर एकच असेल, तर अहवाल फक्त फाइलला लावायला हवा आहे. तेही काम करता येतं, पोटापाण्याचा प्रश्न असतो. मात्र ते माहीत असून करावं.

आमच्या वेळी काम देणाऱ्या कंपनीकडून उत्तर मिळालं, "वापरत नसतील तर जनजागृती करू. पथनाट्य, भिंतीवरच्या घोषणा, धुराच्या दुष्परिणामांवर व्याख्यान." म्हणजे उपाय आधीच ठरला होता आणि आम्ही फक्त त्याला आकडे जोडायचे होते. हे तेव्हाच वहीत लिहून ठेवलं म्हणून बरं झालं, कारण शेवटी सगळं त्यावरच आलं.

करारात तीन गोष्टी बघा. निष्कर्ष प्रतिकूल आले तरी ते अहवालात राहतील ना, कच्ची माहिती कुणाच्या ताब्यात राहणार, आणि हप्ते कधी मिळणार. प्रवास, मुक्काम आणि सर्वेक्षकांचा भत्ता तुमच्या मानधनातून जाऊ देऊ नका, वेगळा मागा. व्यावसायिक शुल्कावर साधारण १० टक्के टीडीएस कापला जातो. तो धरूनच हिशोब मांडा, नाहीतर शेवटच्या हप्त्याला तोंड उतरतं.

गावात जाण्याआधीचे कागद

जनगणनेचे गावनिहाय आकडे २०११ चे आहेत, त्यामुळे कुटुंबांची संख्या त्यावरून धरू नका. अंगणवाडी सेविकेचं कुटुंब सर्वेक्षणाचं रजिस्टर आणि आशाताईंची वही याहून कितीतरी ताजी असते. ग्रामपंचायतीची घरपट्टीची यादी मागितली तर मिळते. तिघांचे आकडे कधीच जुळत नाहीत. ते का जुळत नाहीत हे विचारलंत की गावाची निम्मी ओळख होते: कुठली वस्ती नोंदीत नाही, कोण पुण्याला गेलं, कुणाची चूल वेगळी झाली.

दुसरं म्हणजे गावाचं वर्ष समजून घ्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधली हजारो कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. आम्ही फेब्रुवारीत गेलो आणि एका वस्तीवर दारामागून दार कुलूपबंद. जी माणसं भेटली त्यांत म्हातारी माणसं आणि शेती असलेली घरं जास्त. सर्वात गरीब घरं आमच्या नमुन्यातून आपोआप गळली. पुस्तकात याला नमुन्याचा कल म्हणतात. इथे तो दाराला कुलूप घालून उभा होता.

गावात शिरताना

सरपंच आणि ग्रामसेवक यांना भेटणं आलंच. पण फक्त सरपंचांच्या ओट्यावरून गाव बघितलंत तर सरपंचांचं गाव दिसेल. पहिल्या दिवशी त्यांच्याकडे चहा घ्या, पत्र द्या, काय करणार आहोत ते सांगा, आणि दुसऱ्या दिवसापासून गावाच्या कडेला जा: तांडा, बौद्धवाडी, पारधी वस्ती, शेतातली घरं. बरोबर आशाताई असल्या तर दारं उघडतात. मात्र आरोग्याचे प्रश्न विचारताना त्यांना शेजारी बसवू नका, कारण त्यांच्यासमोर लोक त्यांना बरं वाटेल असंच बोलतात.

दुपारी गावात कुणी नसतं. सकाळी सातच्या आधी किंवा दिवेलागणीला जा.

"योजनेचं काही मिळणार का?" हा प्रश्न पहिल्या तासात येतो. "नाही, आम्ही फक्त माहिती घ्यायला आलोय," हे पहिल्याच दिवशी, मोठ्यानं आणि चारचौघांत सांगा. 'बघू', 'वर कळवतो' हे शब्द टाळा. गावात त्याचा अर्थ 'मिळणार' असाच घेतला जातो, आणि मग गरिबी जास्त सांगितली की जास्त मिळेल या हिशोबानं उत्तरं यायला लागतात.

दोन दिवस फॉर्म बाहेर काढू नका

हे मी आता हट्टानं करते. पहिले दोन दिवस नुसतं फिरायचं. शिवारफेरी, पाणवठा, पिठाची गिरणी, दूध संकलन केंद्र. बायकांना अंगणात रांगोळीनं गाव काढायला सांगा. विहीर, मंदिर, दुकान, सरपण आणण्याची वाट. एक काढू लागते, दुसरी "अगं तिथं नाही, ओढ्याच्या अलीकडं" म्हणत पुसते, आणि त्या भांडणातून जे कळतं ते कुठल्याही प्रश्नावलीत सापडत नाही. सहभागी ग्रामीण मूल्यांकनाची ही पद्धत जुनी आहे. आता ती कधीकधी फोटोपुरती उरते, एवढीच तक्रार.

आमच्या रांगोळीत सरपणाची वाट निघालीच नाही. "सरपण आणायला जातच नाही," बायका म्हणाल्या. "पऱ्हाट्या हायत ना." कापूस निघाला की जानेवारीपासून पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटून घराशेजारी रचतात. तुरीच्या तुऱ्हाट्या, बाभळीच्या फांद्या आणि गोवऱ्या त्यात भर घालतात. फुकटचं जळण दारात आणि भरलेला सिलेंडर तालुक्याहून मोटरसायकलवर बांधून आणायचा. गणित तिथेच दिसत होतं, पण आम्ही अजून 'जाणीव जागृती' या शब्दात अडकलेले होतो.

प्रश्न तयार करणं

इथे मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याची खरी कसोटी लागते, म्हणून जरा थांबते.

पहिली गोष्ट, 'करता का' असं विचारू नका, 'काल काय केलं' असं विचारा. 'गॅस वापरता का' या प्रश्नात उत्तर दडलेलं आहे. चांगली, सुधारलेली गृहिणी गॅस वापरते, हे समोरच्या बाईला माहीत असतं, आणि शहरातून आलेल्या मॅडमपुढे आपण मागासलेले दिसू नये असं कुणालाही वाटतं. आम्ही प्रश्न मोडून असा केला: "काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय तापवलं, काय काय शिजवलं? सगळ्यात आधी काय?" मग बाई आठवून सांगू लागतात. पाणी तापवलं. कशावर? चुलीवर. मग चहा. तो गॅसवर, नवऱ्याला लवकर जायचं होतं. भाकरी? "भाकरी कुठं गॅसवर होती का? निखाऱ्यावर शेकल्याबिगर फुगत नाही ती." एका घराला दहा मिनिटं लागली, पण हो-नाहीच्या जागी दिवसभराचा हिशोब आला.

दुसरी गोष्ट, उत्तराला साक्षीदार शोधा. गॅसच्या पुस्तकावर सिलेंडर भरल्याच्या तारखा असतात. ते हरवलं असेल तर बुकिंगचे मेसेज फोनमध्ये असतात, बहुतेक वेळा नवऱ्याच्या. १४.२ किलोचा सिलेंडर पाच माणसांच्या घरात सात-आठ महिने पुरत असेल, तर सगळा स्वयंपाक त्यावर होत नाही, हे सांगायला कुणी संशोधक लागत नाही. काजळी बघा, राखेचा ढीग बघा. आणि हेही धरून चाला की तुम्ही येताय हे कळलं की वागणं बदलतं. तिसऱ्या दिवशी आम्ही गल्लीत शिरलो की शेगड्या पेटायच्या.

तिसरी गोष्ट, 'पूर्णपणे सहमत' ते 'पूर्णपणे असहमत' ही पाच पायऱ्यांची मोजपट्टी तशीच उचलून गावात नेऊ नका. लोक मधला पर्याय घेतात किंवा सगळ्यालाच हो म्हणतात. त्याऐवजी दहा चिंचोके हातात द्या. "दिवसाचं सगळं शिजवणं म्हणजे हे दहा. यातले चुलीचे किती, गॅसचे किती?" आज्या खेळल्यासारखं वाटून देतात आणि वर बजावतात, "उन्हाळ्यात एक इकडचा तिकडं."

चौथी गोष्ट भाषेची. इंग्रजीतून भाषांतरित प्रश्नावली हातात पडली की ती कागद न बघता मोठ्यानं बोलून बघा. 'आपल्या कुटुंबातील निर्णयप्रक्रियेत आपला सहभाग किती?' असं घरात कुणी बोलत नाही. "सिलेंडर संपला की भरायचं कोण ठरवतं? पैसे कोण देतं? आणायला कोण जातं?" या तीन साध्या प्रश्नांत तेच येतं. दहा घरांत आधी तपासणी करा, आणि ज्या प्रश्नाला समोरचा "म्हंजी?" म्हणतो तो काढून टाका किंवा बदला.

आता सासू. सून बोलू लागली की ओट्यावरून उत्तर सासूबाई देतात. त्यांना उठवणं अपमान आणि तिथेच विचारणं वेळेचा अपव्यय. म्हणून जोडीनं जा. एकीनं सासूबाईंजवळ बसायचं, त्यांच्या काळच्या चुलीबद्दल, गोवऱ्या थापण्याबद्दल विचारायचं आणि मनापासून ऐकायचं. दुसरीनं "पाणी देता का जरा" म्हणत आत जायचं. आतल्या खोलीत एका सुनेनं हळूच सांगितलं, "मला गॅसवर करायला आवडतं, पण संपला की यांना म्हणावं लागतं. त्यापेक्षा पऱ्हाटी बरी. तिला विचारावं लागत नाही कुणाला." माझ्या अख्ख्या अहवालात या एका वाक्याइतकं काही नाही.

किती घरं घ्यायची

९५ टक्के विश्वास पातळी आणि ५ टक्के चूक धरली की नमुन्याच्या सूत्रातून ३८४ घरं हा आकडा येतो, आणि नवखे लोक तो मंत्रासारखा म्हणतात. तुमच्या गावात २४० च घरं असतील तर लहान संख्येसाठीची दुरुस्ती करून तो १४८ च्या आसपास येतो. एवढी घरं करायचीच असतील तर सगळं गाव केलेलं बरं, निदान 'आमच्याकडं का आला नाहीत' हे रुसवे तरी टळतात. वेळ नसेल तर वस्तीनिहाय याद्या करून प्रत्येक यादीतून चिठ्ठ्या काढा. कुलूपबंद घराच्या जागी शेजारचं घर घेऊ नका. त्याची नोंद 'बंद' म्हणून ठेवा. ती नोंद पुढे फार बोलते.

फॉर्म मोबाइलवर भरायला कोबो टूलबॉक्स किंवा ओडीके ही सर्वेक्षणाची साधनं घ्या. मराठीत फॉर्म करता येतो आणि रेंज नसली तरी भरता येतो.

संमती, गुपित आणि न विचारलेलं दुःख

संमतिपत्र वाचून दाखवा, पण त्याआधी साध्या शब्दांत सांगा: उत्तर दिलं नाही तरी काही बिघडत नाही, मध्येच थांबता येतं, नाव कुठेही येणार नाही. अंगठा घेण्याची घाई करू नका. कागदावर अंगठा म्हटलं की सावकार आठवतो. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, म्हणून फोन नंबर आणि आधार क्रमांक गरज नसताना गोळा करूच नका.

नाव काढलं की ओळख लपली असं नाही. 'गावातली एकमेव नर्स असलेली विधवा सून' असं अहवालात लिहिलंत तर गाव दोन मिनिटांत ओळखेल. तपशील बदलण्यापेक्षा तो गाळणं चांगलं.

आणि असं होतंच: चुलीबद्दल विचारताना एखादी बाई गेल्या वर्षी गेलेल्या नवऱ्याबद्दल बोलू लागते. कर्ज, औषधाची बाटली, विहीर. तुम्ही मानसशास्त्र शिकलात म्हणून तिथे समुपदेशक होऊ नका. तुम्ही चार दिवसांनी जाणार आहात. फॉर्म बाजूला ठेवा आणि ऐका. धोका वाटला तर एकटीला सोडून निघू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि महिला हेल्पलाइनचा १८१ हे क्रमांक पाठ हवेत. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कोण भेटेल हे गावात शिरण्याआधी विचारून ठेवा. त्या घराची मुलाखत अर्धी राहिली तर राहू द्या.

माहितीचं काय करायचं

वर्तनबदलाच्या चौकटी पुष्कळ आहेत. मला मानसशास्त्रज्ञ सुझन मिची आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेली साधी वाटते. माणूस एखादी गोष्ट करतो तेव्हा क्षमता, संधी आणि प्रेरणा तिन्ही लागतात. एकेक तपासा.

क्षमता: शेगडी सगळ्यांना पेटवता येत होती. दोन-तीन म्हाताऱ्यांना स्फोटाची भीती, बस. धुरानं खोकला होतो हेही सगळ्यांना माहीत होतं. त्यासाठी व्याख्यान नको, त्या स्वतःच खोकत होत्या. प्रेरणा: भाकरीची चव, आणि गॅस 'पुरवून' वापरण्यातला सुगृहिणीपणा. संधी: इथे सगळं अडलं होतं. पैसे एकरकमी लागतात आणि मजुरी आठवड्यानं हातात येते. भरलेला सिलेंडर गावात येत नाही. वाहन आणि पैसा पुरुषाकडे, सरपणाचे कष्ट बाईचे आणि फुकटात धरलेले. गरीब घरांना गॅसजोडणी देणाऱ्या, २०१६ ला सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनं जोडणीची अडचण सोडवली होती, पुन्हा भरण्याची राहिली होती.

म्हणजे पथनाट्य करून काहीच होणार नव्हतं. हे कंपनीच्या माणसांना सांगणं हे वेगळंच कौशल्य आहे. त्यांचा उपाय चुकीचा आहे असं म्हणू नका. सुनेचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवा, शेजारी सिलेंडर भरल्याच्या तारखांचा तक्ता ठेवा आणि गप्प बसा.

सल्ला देताना लोकांनाच विचारून रचना बदलल्याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण गडचिरोलीचं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं आदिवासींना दवाखाना कसा हवा हे विचारलं, आणि मग तो मोठ्या इमारतीऐवजी झोपड्यांसारख्या घरांचा झाला. नावही त्यांच्या दंतेश्वरी देवीचं ठेवलं. मी नवख्यांना हे नेहमी सांगते, कारण तिथे संशोधनाचा निष्कर्ष भिंतींच्या आकारात उतरलेला दिसतो.

आम्ही सुचवलं ते छोटं होतं: एका बचत गटात गॅससाठी भिशी, आठवड्याला थोडे पैसे, आणि गटाच्या नावानं महिन्यातून एकदा टेम्पोनं सिलेंडर गावात. एप्रिल ते जुलै करून बघायचं आणि आधीच्या तीन महिन्यांशी तुलना करायची.

अहवाल आधी गावात

कंपनीपुढे सादरीकरण करण्याआधी गावात वाचा. ग्रामसभेच्या दिवशी जमलं तर उत्तम. पण बायका तिथे बोलत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी मंदिरात किंवा अंगणवाडीत त्यांची वेगळी बैठक घ्या. स्लाइड नको. मोठ्या कागदावर चिंचोके चिकटवून आलेख करा.

आम्ही तसंच केलं. चुलीचे सात, गॅसचे तीन. बायका माना डोलवत होत्या. आम्ही भिशीचं सांगितलं, एप्रिल ते जुलैचं सांगितलं. मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "मॅडम, आत्ता पऱ्हाटी घरात हाय म्हणून चूल पेटायली. पावसाळ्यात जळण भिजतं, तवा सगळ्याच गॅसवर करत्यात. तुमी जुलैमदी मोजलं तर वाढलेलंच दिसंल की, भिशी असो नाहीतर नसो."

तिथेच खोडरबर काढला. तुलना आता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी, आणि भिशी नसलेल्या शेजारच्या वस्तीशी. ऊसतोडीहून परतलेली घरं मे महिन्यात पुन्हा मोजायची. आजींना विचारलं, पुस्तक आहे का गॅसचं. त्या म्हणाल्या, हाय, पण ते ल्योकाच्या पेटीत, चावी त्याच्याकडं.